कातात रंगवलेल्या सुती कापडावर काळपट डाग का पडतात?

मोठी ऑर्डर असली की डाग, छोटी असली की कापड स्वच्छ. एवढी साधी गोष्ट लक्षात यायला मला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत कातवाल्याला, बोअरच्या पाण्याला, तुरटीला आणि एकदा तर अमावास्येलाही नावं ठेवून झाली.

शेवटची खेप चौदा ओढण्यांची होती. साधी सुती मलमल, एकेक ओढणी दीडशे ग्रॅमच्या आतली. पातेलं एवढ्या कापडाला पुरत नाही, म्हणून सात-सातच्या दोन खेपा केल्या. कात एकाच पोत्यातला, पाणी एकाच टाकीतलं, वेळ घड्याळ लावून. वाळल्यावर नऊ ओढण्या अगदी हव्या तशा उतरल्या, दालचिनीच्या सालीसारख्या तपकिरी. उरलेल्या पाच ओढण्यांवर मात्र बरोबर मधोमध काळपट-हिरवट ठिपक्यांची आडवी रांग उमटली होती, मुंग्या एका ओळीत निघाव्यात तशी.

पाचही ओढण्या मी जमिनीवर पसरल्या. तीन पहिल्या खेपेतल्या होत्या, दोन दुसऱ्या. म्हणजे दोष पातेल्यातला नव्हता, नाहीतर एकच खेप बिघडली असती. मी डोकं धरून बसले होते. तेवढ्यात आमच्याकडे धुण्या-वाळवण्याचं बघणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, या पाची मागच्या तारेवरच्या. पुढच्या दोरीवर जागा नव्हती ना."

पुढची दोरी नायलॉनची. मागे आहे ती जुनी लोखंडी तार, जस्ताचा मुलामा जागोजागी उडालेली, हात फिरवला की बोटं तांबूस होतात. पाच-सहा कपडे असले की तिकडे जायची वेळच येत नाही. ऑर्डर मोठी असली की दोरी भरते आणि उरलेले कपडे तारेवर पडतात. झालं, सुटलं कोडं.

हे सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण कातात रंगवणाऱ्या तिघीचौघींशी बोलले तेव्हा प्रत्येकीची तक्रार वेगळी निघाली आणि उपाय मात्र सगळ्यांनी एकच केलेला: कात बदलला. कात क्वचितच दोषी असतो. तो कधी कधी असतोच, त्याबद्दल खाली लिहिलं आहे. पण आधी डाग कुठला ते ओळखायला हवं.

डाग वाचायला शिका

कातात टॅनिन असतं. सुपारी चावल्यावर किंवा कच्चं केळं खाल्ल्यावर तोंडात जो तुरटपणा येतो, तो टॅनिनचाच. टॅनिन आणि लोखंड भेटले की काळं होतं. टाक-दौतीच्या काळात हिरडा किंवा मायफळ आणि हिराकस (लोखंडाचं सल्फेट) उकळून शाई करायचे ती याच गुणावर. तेव्हा ओलं कातरंगी कापड गंजक्या तारेवर टाकणं म्हणजे कापडावर शाईने रेघ ओढणंच. फरक एवढाच की हिरड्याची शाई निळसर-काळी होते, तर कातातलं टॅनिन वेगळ्या जातीचं असल्यामुळे लोखंडाबरोबर हिरवट-काळं होतं. डागात हिरवी झाक दिसली की आधी लोखंड शोधायला लागा. तार, चिमट्याची स्प्रिंग, बादलीची कडी, इनॅमल उडालेल्या पातेल्याचा टवका, रंग ढवळायला घेतलेला जुना उलथना, इस्त्रीतून वाफेबरोबर टपकणारं गंजाचं पाणी. माझ्या एका मैत्रिणीकडे डाग नेमके जोडीने पडायचे, दर हातभर अंतरावर. तिचे चिमटे प्लास्टिकचे, पण आतली स्प्रिंग गंजलेली.

खात्री करायची असेल तर डागावर लिंबाचा एक थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबा. डाग लोखंडाचा असेल तर विरघळल्यासारखा फिका पडतो. आजूबाजूचा तपकिरी रंगही किंचित उतरतो, घाबरू नका. नंतर ती जागा भरपूर पाण्यात धुवा.

लिंबाने डाग हललाच नाही आणि तो हिरवट नसून लालसर गडद टिंबासारखा असेल, तर तो न विरघळलेल्या काताचा कण आहे. त्यावर गरम पाण्याचा थेंब टाकून बोटाने चोळलं की तो पसरतो. याचं कारण सरळ आहे. काताचे खडे दिसायला ठिसूळ, पण पाण्यात विरघळायला आडमुठे. खडा कुटून रात्रभर गार पाण्यात भिजवला तरी त्यातला मोठा भाग तसाच राहतो, उकळत्या पाण्यातच तो नीट उतरतो. मी खडे खलबत्त्यात बारीक कुटते (खलबत्ता दगडी, लोखंडी नाही!), उकळत्या पाण्यात घालून अर्धा तास ढवळते आणि गरम असतानाच मलमलच्या दुहेरी फडक्यातून दोनदा गाळते. गार झाल्यावर गाळायला गेलात तर रंगाचा अर्धा जीव फडक्यात राहील.

तिसरा प्रकार फिक्या चट्ट्यांचा. कापडावर खळ, तेल किंवा मेण राहिलं की तिथे रंग बसतच नाही. बाजारातलं कोरं कापड एकदा पाण्यातून काढलं म्हणजे खळ निघाली, असं समजू नका. एक किलो कापडाला साधारण 40 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा. जे पिवळट, चिकट पाणी निघेल ते पाहिल्यावर पुन्हा कधी ही पायरी गाळणार नाही. स्वच्छ झालेलं कापड पाण्यात टाकलं की लगेच भिजून खाली बसतं. तरंगत राहिलं तर पुन्हा उकळा.

चौथा डाग हा खरं तर डाग नव्हे. कडा गडद, मधला भाग फिका, किंवा घडीवर एक गडद पट्टा. हा वाळवण्यातला दोष. पाणी जिथून उडतं तिकडे कापडातला मोकळा रंग ओढला जातो आणि तिथे साठतो. कडा आधी वाळतात, म्हणून कडा गडद होतात. कापड दुमडून दोरीवर टाकलं तर घडीवरही तेच. सावलीत, पसरून, अधूनमधून बाजू बदलत वाळवा. उन्हात भराभर वाळवायचा मोह टाळा.

पाण्याला चहा पाजा

लोखंड तारेतून येतं तसं पाण्यातूनही येतं, आणि तिथे ते दिसत नाही. बोअरमधून नुकतं काढलेलं पाणी काचेसारखं नितळ असतं. तासा-दोन तासांनी बादलीच्या तळाशी पिवळट-तांबूस साका बसतो, कारण विरघळलेलं लोखंड हवा लागली की गंजून खाली बसतं. पण ते बसण्याआधी तुम्ही पाणी पातेल्यात ओतलं तर सगळं लोखंड तुमच्या रंगात. अशा वेळी ठिपके पडत नाहीत, पूर्ण कापडच मळकट उतरतं. तपकिरी हवा असतो, येतो शेवाळी. लोक म्हणतात, "यंदाचा कात फिका निघाला."

प्रयोगशाळेची गरज नाही. कोरा चहा कडक उकळा, दुधाशिवाय, साखरेशिवाय. दोन काचेच्या पेल्यांत सारखा ओता. एकात तुमच्या नळाचं नुकतं काढलेलं पाणी घाला, दुसऱ्यात विकतच्या बाटलीतलं किंवा स्वच्छ धरलेलं पावसाचं पाणी. दहा मिनिटांनी दोन्ही पांढऱ्या कागदासमोर धरून बघा. नळाच्या पाण्याचा चहा काळवंडला असेल तर त्या पाण्यात लोखंड आहे. चहातही टॅनिनच असतं, म्हणून हे जमतं. जड पाण्यानेही चहा थोडा गडद आणि गढूळ होतो, पण लोखंडाची राखाडी-शाईसारखी छटा वेगळी ओळखू येते.

उपाय कंटाळवाणा, पण फुकटचा आहे. आदल्या दिवशी पाणी रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या टबात भरा, दोन-चार वेळा उंचावरून ओतून ढवळा म्हणजे हवा लागेल, रात्रभर स्थिर राहू द्या आणि सकाळी वरचं वरचं अलगद काढून घ्या. तळाचं बोटभर पाणी झाडांना. जिथे लोखंड फारच जास्त आहे तिथे एवढ्याने भागत नाही. तिथे पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी धरून ठेवावं, मात्र छप्पर गंजक्या पत्र्याचं नसावं. कौलारू घरवाल्यांची मजा आहे.

कात नक्की कुठला आणला?

आता कातवाल्याकडे येऊ. मी त्याला तीन महिने उगाच बोल लावले खरे, पण "दर वेळी वेगळा रंग येतो" या तक्रारीत त्याचाही वाटा असतो. मुळात कात नावाने बाजारात एकच वस्तू मिळत नाही.

कात निघतो खैराच्या झाडापासून. आमच्या कोकणात डोंगरउतारावर, कातळाच्या कडेला खैर उभा असतो. बारीक पानांचा, वाकड्या काट्यांचा, दिसायला अगदी किरकोळ. कापल्यावर कळतो. बाहेरचं लाकूड पिवळट-पांढरं आणि आतला गाभा गडद लाल, इतका कठीण की खैराचं मुसळ नातवाच्या लग्नापर्यंत चालतं. या लाल गाभ्याच्या ढलप्या करून पाण्यात उकळतात. तो अर्क आटवून गार केला की त्यातून एक फिकट, दाणेदार पदार्थ बाजूला पडतो. तो पानाचा कात, ज्यात मुख्यतः कॅटेचिन नावाचं द्रव्य असतं. उरलेलं गडद पाणी आणखी आटवलं की काळपट, काचेसारखी तुटणारी वडी मिळते. तिला धंद्यात कच म्हणतात आणि तिच्यात टॅनिन भरपूर असतं. कापड रंगवणं, चामडं कमावणं, कोळ्यांची सुती जाळी कुजू नयेत म्हणून रंगवणं, ही सगळी कामं मुख्यतः या दुसऱ्या वस्तूची. नायलॉन आलं आणि जाळी रंगवणं संपलं.

रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण-सावर्ड्याच्या पट्ट्यात काताचे कारखाने आहेत. त्याच्या कितीतरी आधीपासून हे काम कातकरी करत. त्यांच्या नावातच कात आहे. रानात भट्टी लावून मातीच्या मडक्यांत ढलप्या शिजवायचे. मडकंच का, हे तारेचा किस्सा झाल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. लोखंडी कढईत कात काळा पडतो. आजचे कारखानेही त्या भांड्यांना लोखंड वापरत नाहीत, तांबं किंवा स्टेनलेस स्टील वापरतात. जी गोष्ट रानातल्या माणसाला ठाऊक होती ती मला पाच ओढण्या वाया घालवून कळली. इंग्रजांचे जंगल कायदे आले, खैराला हात लावायची बंदी झाली, आणि ज्यांच्या नावात कात होता ते कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर गेले.

तर दुकानात "कात द्या" म्हटलं की बहुतेक वेळा पानाचा कात हातात पडतो. त्यातून टॅनिन बरंचसं निघून गेलेलं असतं. त्याने रंग येतो, पण फिका येतो आणि सावकाश येतो. पुढच्या महिन्यात दुसऱ्या दुकानातून काळा कात, म्हणजे कच, आणलात की त्याच वजनात दुप्पट गडद रंग. मग तुम्ही म्हणणार, माप चुकलं. माप बरोबर होतं, वस्तू वेगळी होती.

गावोगावचा कात वेगळा असतो, हे काही आजचं नाही. हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने चामडं कमावण्यासाठी काय काय चालेल ते तपासताना मुंबईहून आलेला कात आणि बंगालहून आलेला कात शेजारी शेजारी ठेवून पाहिला होता. 1803 साली छापलेल्या त्याच्या निबंधात मुंबईच्या कातात टॅनिन निम्म्याहून थोडं जास्त आणि बंगालच्या कातात निम्म्याहून थोडं कमी निघालं. त्याच्याही आधी युरोपात काताला 'जपानची माती' म्हणायचे. ना तो जपानचा, ना ती माती. अर्थात आज आपण जो विकत घेतो त्यात माती असू शकते, ही गोष्ट वेगळी!

भेसळ ओळखायची माझी पद्धत गावठी आहे. चमचाभर पूड उकळत्या पाण्यात पूर्ण विरघळवायची, गरमच गाळायची आणि फडक्यावर उरलेलं दोन बोटांत चोळायचं. कचकच लागली तर माती-वाळू. थोडा लाकडाचा भुस्सा निघाला तर चालतं. दुसरी मिसळ इतकी सहज सापडत नाही. गॅम्बिअर नावाचा पदार्थ इंडोनेशियातून येतो, एका वेलीसारख्या झुडपाच्या पानांपासून काढलेला. त्यातही कॅटेचिनच असल्यामुळे तो पानाच्या कातात सहज खपून जातो. त्याने कापड रंगतं, वाईट रंगत नाही, पण छटा वेगळी येते.

मी आता एकच करते. वर्षाला पुरेल एवढा कात एकदम घेते, सगळा कुटून एकत्र मिसळते आणि कोरड्या बरणीत भरते. नव्या बरणीतून आधी हातरुमालाएवढं कापड रंगवून, पूर्ण वाळवून, जुन्या नमुन्याशेजारी टाचते. त्यावर तारीख. फार स्वस्त कात मात्र घेत नाही. खैर हे महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्यातल्या अनुसूचीतलं झाड आहे, स्वतःच्या जमिनीतला तोडायलाही परवानगी लागते, आणि खैराची चोरटी तोड हा कोकणात नेहमीचा विषय आहे. बाजारभावाच्या निम्म्याने कोणी कात देत असेल तर त्यात एकतर माती आहे किंवा चोरी.

रंग पातेल्यात चढत नाही, दोरीवर चढतो

हे कळलं नाही तर बाकी सगळं सांभाळूनही काताचा रंग हाती लागत नाही. म्हणून इथे थोडी रेंगाळते.

माझी आजी पान खायची. पानाला चुना लावायची, त्यावर कात, आणि विडा तोंडात टाकायच्या आधी बोटाला लागलेलं पुसायला विसरायची. कात फिकट मातकट, चुना पांढरा. दोन्हींची गाठ पडली की काही क्षणांत बोट लाल. लहानपणी ही मला जादू वाटायची. कॅटेचिन स्वतः जवळजवळ बिनरंगी असतं. हवेतला प्राणवायू मिळाला की ते रंगीत होत जातं, आणि चुन्यासारखी क्षाराची सोबत असली की हे काम झपाट्याने होतं.

कापडावर हेच घडतं, फक्त हळू. पातेल्यातून काढलेलं कापड बघून "रंगच नाही आला" म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगते, चार दिवस थांबा. पण आपण थांबत नाही. आणखी मूठभर कात टाकतो, आणखी तासभर उकळतो, वर हिराकस टाकतो. चार दिवसांनी कापड चॉकलेटी होतं आणि मग आपण पुढच्या वेळी कात कमी करतो. असा झोका वर्षभर चालू राहतो आणि दोन ओढण्या कधी जुळत नाहीत.

माझं आत्ताचं माप असं आहे. एक किलो धुतलेल्या सुती कापडाला 300 ग्रॅम कात, 25 लिटरच्या आसपास पाणी. कापड आधी भिजवून पिळून घ्यायचं. कोमट रंगात सोडायचं आणि हळूहळू आच वाढवून उकळीच्या अलीकडे तासभर ठेवायचं, सतत खालीवर करत. खदखदा उकळायचं नाही. रंगात लिंबू, चिंच, व्हिनेगर यातलं काहीही घालायचं नाही. आंबट आणि उकळी एकत्र आली की टॅनिनचे लाल, न विरघळणारे कण तयार होतात, ते कापडावर नुसते बसतात आणि पहिल्या धुण्यात निघून जातात.

मग गरम असतानाच कापड बाहेर. "रात्रभर रंगात मुरू द्या" हा सल्ला पुष्कळ वनस्पतिज रंगांना लागू पडतो, पण पानाच्या काताला नाही. पाणी गार झालं की कॅटेचिन परत दाणेदार होऊन बाहेर पडतं. सकाळी पातेलं गढूळ, तळाला फिकट साका, आणि तोच साका कापडाच्या अंगावर. हात फिरवला की पिठासारखा लागतो, पांढऱ्या रुमालावर घासलं की उतरतो. तुमचा रंग 'हाताला लागतो' अशी तक्रार असेल तर बहुतेक हेच झालं आहे. कापड गरम पाण्यात खळबळून काढा, सुटेल. आणि तो गढूळ रंग फेकू नका, पुन्हा तापवला की नितळ होतो. तापवूनही जे उरलं ते माती किंवा ते लाल कण, ते गाळून टाका.

पिळून, झटकून, एकेरी पसरून सावलीत वाळवायचं. वाळलं की दुसऱ्यांदा रंगात, पुन्हा वाळवणं. एकदाच दाट रंगात बुडवण्यापेक्षा दोनदा पातळ रंगात बुडवलेलं कापड सारखं दिसतं. हवा सगळीकडे सारखी लागायला हवी. ढीग करून ठेवलेल्या ओल्या कापडाच्या वरच्या घड्या गडद आणि आतल्या फिक्या होतात. तो काही बांधणीचा नमुना नव्हे.

तुरटी लागते का? काताला स्वतःचंच टॅनिन असल्यामुळे सुती कापडावर तो तसाही धरतो. तुरटीने पिवळसर उजळ छटा येते, म्हणून हवी असेल तर वापरा. मोरचुदाने (कॉपर सल्फेटने) तपकिरी खोल होतो आणि उन्हात जास्त टिकतो. एक किलो कापडाला 20 ग्रॅमच्या वर जाऊ नका, हातमोजे घाला आणि ते पाणी विहिरीच्या किंवा ओढ्याच्या आसपास ओतू नका. जुन्या गिरण्यांत काताचा रंग पक्का करायला डायक्रोमेट हे क्रोमियमचं रसायन वापरत. रंग झकास यायचा, पण ते विष आहे, घरगुती कामात त्याचं नावही काढायला नको.

"धुतल्यावर लाल झाली हो!"

ही तक्रार गिऱ्हाइकाची. तपकिरी म्हणून घेतलेली ओढणी साबणाच्या पावडरीत धुतली आणि विटकरी होऊन बाहेर आली. रंग गेला नाही, उलट वाढला, पण गिऱ्हाइकाला ते कसं पटवणार? कारण पुन्हा आजीच्या बोटाचंच. साबणातला क्षार आणि हवा.

हे तुम्हीच आधी उरकून टाका. दुसऱ्यांदा वाळल्यानंतर कोमट पाण्यात, लिटरला 2 ते 3 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून कापड पाच मिनिटं बुडवा, लगेच साध्या पाण्यातून दोनदा काढा आणि वाळवा. सोडा नको असेल तर चुन्याची निवळी चालते. कापड जितकं लाल व्हायचं तितकं आपल्यासमोर होऊन जातं, पुढे फारसं बदलत नाही. रेशीम आणि लोकरीला मात्र हे करू नका, क्षाराने त्यांचा जीव जातो. त्यांना फक्त हवा आणि वेळ द्या. विकताना सोबत एक ओळ लिहून देते: रिठ्याच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, तारेवर टाकू नका. शेवटचं वाक्य नवीन आहे.

चामडं करणाऱ्यांसाठी दोन शब्द

माझं काम कापडाचं. पण पट्टे, पिशव्या करणारा एक ओळखीचा मुलगा कातात चामडं कमावून बघत होता. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, कात त्यात सहसा नसतो. त्याला तो लालसर रंग हवा होता. त्याच्या दोन अडचणी होत्या. चामड्यावर काळे ठिपके, ते कातडं खरवडायच्या सुरीमुळे. ओलं कातडं, टॅनिन आणि पोलाद, गोष्ट तीच. दुसरी अडचण वेगळी होती: चामडं वरून कमावलेलं, वाकवलं की वरचा थर तडकतो, आणि कापून पाहिलं तर मधे कच्ची पांढरी रेघ. त्याने पहिल्याच दिवशी दाट काढ्यात कातडं टाकलं होतं. दाट टॅनिनने वरचा थर एकदम आवळून घेतला आणि आत जायची वाटच बंद झाली. सुरुवात चहापेक्षा पातळ पाण्याने करून दर काही दिवसांनी दाटपणा वाढवत नेला की हे टळतं. कडेचा एक तुकडा कापून मधली रेघ गेली का ते बघायचं. त्या रेघेला घाई कळत नाही.

पडलेल्या डागांचं काय करायचं

लोखंडाचा डाग ताजा असेल तर लिंबाच्या रसात किंवा सायट्रिक ॲसिडच्या पातळ पाण्यात तेवढीच जागा भिजवा, डाग फिका झाला की खूप पाण्यातून काढा आणि पूर्ण कापड पुन्हा एकदा कातात. गंज काढायच्या ऑक्झॅलिक ॲसिडने डाग जास्त चटकन जातो, पण ते विषारी आहे, घरात मुलं असतील तर आणूच नका. जुना, वाळलेला, दोनदा धुतलेला डाग लिंबाला दाद देईलच असं नाही.

माझ्या पाचपैकी दोन ओढण्या लिंबाने सुधारल्या. उरलेल्या तिघींवरची मुंग्यांची रांग काही हलेना. मग ठरवलं, एवढं लोखंड लागलंच आहे तर सगळीकडे लागू दे. बादलीभर पाण्यात चमचाभर हिराकस विरघळवून गाळलं, ओढण्या साध्या पाण्यात भिजवून घेतल्या आणि तिन्ही एकदम सोडून हात न थांबवता पाच मिनिटं फिरवल्या. हात थांबला की पुन्हा चट्टे पडतात. दालचिनीचा रंग डोळ्यांदेखत शेवाळी-राखाडी झाला आणि ठिपके त्यात बुडून गेले. हिराकस चमच्याच्या वर घालू नका, जास्त झालं की सूत कालांतराने कमजोर होऊन कापड विरतं. नंतर चार पाण्यांतून धुवा.

दोन ओढण्या त्या रंगात विकल्या गेल्या. तिसरीवर उन्हात धरलं की अजून रांग दिसते, ती मी ठेवून घेतली आहे. मागची तार मावशींनी दुसऱ्याच दिवशी कापून भंगारवाल्याला दिली, बारा रुपये आले.